विमानातून उडी आणि पुलावरून उडी: दोन्हींची पॅराशूटं वेगळी का असतात?

२४ जुलै १९६६. मायकेल पेल्की आणि ब्रायन शुबर्ट हे दोघे मित्र कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात, एल कॅपिटन या कड्याच्या माथ्यावर उभे होते. कडा म्हणजे जवळजवळ ९०० मीटरची सरळसोट ग्रॅनाइटची भिंत. दोघांच्या पाठीवर त्या काळची गोल पॅराशूटं होती, सैन्याच्या जुन्या चित्रांत दिसतात तशी, छत्रीसारखी. दोघांनी उडी मारली, दोघांची पॅराशूटं उघडलीही, आणि तरी दोघांची हाडं मोडली. गोल पॅराशूट वारा नेईल तिकडे जातं. विमानातून उडी मारली असेल तर वाऱ्यानं या शेताऐवजी त्या शेतात नेऊन सोडलं, एवढाच फरक पडतो. इथे वाऱ्यानं त्यांना परत कड्याकडेच ढकललं.

बारा वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच कड्यावरून कार्ल बोनिश यांच्या चमूनं उड्या मारल्या आणि त्यांचं चित्रीकरण केलं. या वेळी पाठीवर चौकोनी, वळवता येणारी पॅराशूटं होती. उडी मारणारे पडता पडता कड्यापासून लांब सरकले, मग पॅराशूट उघडून ते दरीच्या दिशेनं वळवत खाली आले. खडक तोच होता आणि उंचीही तीच. बदललं होतं ते मुख्यतः डोक्यावरचं कापड.

पुढे बोनिश आणि त्यांच्या सोबत्यांनीच या प्रकाराला 'बेस' हे नाव दिलं. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल, आणि अर्थ म्हणजे जमिनीचा कडा, या चार शब्दांची ही आद्याक्षरं. उडी मारायची ती जागा हलत नाही, जमिनीत पाय रोवून उभी असते, हे या चौघांतलं साम्य. स्कायडायव्हिंग म्हणजे विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून मारलेली उडी. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर मारलेली उडी, किंवा २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेली उडी, ही स्कायडायव्हिंग. आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'पॅराशूट जंप' म्हणतात. त्यामुळे पॅराशूट ते पॅराशूट, कुठूनही उडी मारली तरी चालेल, असा समज सहज होतो. तो समज जीवघेणा आहे, म्हणून हा लेख.

एक तिसरी गोष्टही आधीच बाजूला ठेवतो. कामशेतला डोंगरावरून तरंगताना दिसतात ती पॅराग्लायडर्स. दिसायला ती याच कुळातली, पण ती जमिनीवर पसरून, फुगवून, मग धावत जाऊन हवेत नेतात. पडत्या माणसाच्या डोक्यावर धाडकन उघडण्याचा झटका सोसायला ती बनवलेलीच नसतात. त्यांचा इथे संबंध नाही.

आधी वेळेचा हिशोब

पॅराशूटच्या निवडीत कापड, आकार, दोऱ्या हे सगळं नंतर येतं. पहिला प्रश्न असतो: उघडण्यासाठी हातात किती वेळ आहे, आणि उघडताना वेग किती असेल?

स्कायडायव्हर साधारण ४,००० मीटरवरून निघतो. सुरुवातीच्या दहा-बारा सेकंदांत त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिथेच थांबतो, कारण खालून येणारा हवेचा रेटा आणि वजन यांची बरोबरी होते. मग जवळपास मिनिटभर तो त्याच वेगानं पडत राहतो. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार अनुभवी माणसानंही ७६० मीटरच्या, म्हणजे २,५०० फुटांच्या खाली पॅराशूट उघडायचं नाही. नवख्यांसाठी ही मर्यादा ३,००० फूट. ७६० मीटरवर काहीच उघडलं नाही, तर जमिनीपर्यंत सुमारे १४ सेकंद उरतात. या १४ सेकंदांत मुख्य पॅराशूट बिघडलं आहे हे ओळखायचं, ते सोडून द्यायचं आणि पाठीवरचं दुसरं, रिझर्व्ह, उघडायचं. हे जमतं. रोज कुठे ना कुठे कुणाला तरी जमतंच.

त्यातही माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर एक छोटं यंत्र असतं. १९९१ मध्ये जर्मनीत सायप्रेस नावाचं असं यंत्र बाजारात आलं आणि त्यानं असंख्य जीव वाचवले. अनुभवी उडीबाजांसाठीचं हे यंत्र सुमारे २२५ मीटरवर पाहतं: माणूस अजून वेगानं पडतोय का? पडत असेल तर ते रिझर्व्ह आपणहून उघडतं. म्हणजे २२५ मीटर ही स्कायडायव्हरची शेवटची रेषा.

आता अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, ट्विन फॉल्स गावाजवळच्या पेरीन पुलावर या. स्नेक नदीवरचा हा पूल बेस जंपिंगच्या जगातला सगळ्यात परिचित. इथे वर्षभर, वेगळ्या परवानगीशिवाय उडी मारता येते, म्हणून शिकायला जगभरातून माणसं येतात. पुलाची उंची १४८ मीटर. म्हणजे स्कायडायव्हरचं यंत्र ज्या उंचीवर 'आता शेवटचा उपाय' म्हणतं, त्याच्याही बऱ्याच खाली बेस जंपरची उडी सुरू होते.

मोकळं पडताना पहिल्या सेकंदात माणूस सुमारे ५ मीटर खाली जातो. दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४४. पेरीनवरून काहीच उघडलं नाही, तर साडेपाच-सहा सेकंदांत पाणी. इतक्या वेळात बिघाड ओळखून दुसरं पॅराशूट उघडणं शक्य नाही, म्हणून बहुतेक बेस जंपर दुसरं नेतही नाहीत. एकच पॅराशूट, एकच संधी.

एल कॅपिटनवरचे तेच ब्रायन शुबर्ट चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावरून उडी मारताना गेले. पॅराशूट वेळेत उघडलं नाही. तो पूल २६७ मीटरचा, पेरीनहून बराच उंच. हिशोब केला तर तेही फक्त आठ-साडेआठ सेकंद.

दुसरी बाजू वेगाची. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. पुलावरून दोन सेकंद पडल्यावर माणसाचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. विमानातून पडणाऱ्याचा २००. म्हणजे दोघांच्या पॅराशूटला फुगवणाऱ्या हवेच्या जोरात जवळजवळ आठपट फरक. एकाचं पॅराशूट असं हवं की त्यानं उघडताना घाई करू नये, नाहीतर मानेला आणि कण्याला मार बसेल. दुसऱ्याचं असं हवं की हवेचा नुसता श्वास लागला तरी ते फुगलं पाहिजे. पुढचं जवळजवळ सगळं यातून निघतं.

कापडाचा पंख

आजची दोन्ही प्रकारची पॅराशूटं एकाच शोधातून आली. डॉमिना जाल्बर्ट या पतंग आणि फुगे बनवणाऱ्या माणसानं १९६० च्या दशकात कापडाचा असा पंख तयार केला, जो समोरून आत शिरणाऱ्या हवेनंच फुगून ताठ होतो. डोळ्यांसमोर आणायचं तर उशीचे सात-आठ अभ्रे शेजारी शेजारी शिवलेले आहेत, सगळ्यांची तोंडं पुढे उघडी, मागची बाजू बंद. पुढे जाताना हवा तोंडातून शिरते, अभ्रे फुगतात आणि मिळून विमानाच्या पंखासारखा आकार होतो. यातल्या प्रत्येक अभ्र्याला सेल म्हणतात, आणि सगळ्या पंखाला कॅनोपी. आतल्या पडद्यांना भोकं असतात, म्हणजे एका सेलमधली हवा शेजारच्या सेललाही मिळते.

स्कायडायव्हिंगच्या मुख्य कॅनोपीत बहुतेक वेळा ९ सेल असतात, कधी ७. नऊ सेलचा पंख रुंदीला लांब आणि खोलीला कमी असतो. असा पंख हवेत जास्त दूर सरकतो आणि उतरताना छान सपाट होतो. काहींच्या कडा निमुळत्या, लंबगोल केलेल्या असतात, त्या हाताच्या जरा हालचालीनं वळतात. बेसची कॅनोपी मात्र जवळजवळ नेहमी ७ सेलची, आखूड आणि रुंद पोटाची, आयताकृती. ती फार दूर सरकत नाही. पण उघडताना एक बाजू दुसरीपेक्षा क्षणभर आधी फुगली तरी ती फारशी गिरकी घेत नाही, तोंड बहुधा समोरच ठेवते. लांब, निमुळता पंख तेवढ्यानं भिरभिरू शकतो. विमानाखाली भिरभिरला तर स्कायडायव्हर ते सोडून रिझर्व्ह उघडतो. कड्यासमोर भिरभिरला तर पंखाचं तोंड खडकाकडे.

कापडातही फरक आहे. एका प्रकारच्या नायलॉनला एफ-१११ म्हणतात. त्यातून हवा अगदी थोडी पाझरते. दुसऱ्याला झेडपी, म्हणजे झिरो पोरोसिटी, म्हणतात. त्याला सिलिकॉनचा लेप असतो आणि हवा जवळजवळ पाझरतच नाही. स्कायडायव्हिंगच्या आधुनिक मुख्य कॅनोप्या झेडपीच्या असतात, कारण हजारभर उड्यांनंतरही त्यांचा पंख ताजा राहतो. पण हे कापड बुळबुळीत असतं. नवीन झेडपी कॅनोपी घडी घालणं म्हणजे साबणाच्या पाण्यातलं रेशमी पातळ धरून ठेवणं. एफ-१११ निवांत पडून राहतं, घातलेली घडी मोडत नाही. बेसमध्ये घडीचा इंच न् इंच महत्त्वाचा, आणि उड्यांची संख्याही तुलनेनं कमी, म्हणून तिथे मुख्यतः एफ-१११ च्या जातीचं कापड वापरतात. काही कॅनोप्यांत वरच्या किंवा पुढच्या भागाला झेडपी लावलेलं असतं, म्हणजे उतरताना थोडी जास्त उचल मिळते.

गंमत अशी की स्कायडायव्हरच्या पाठीवरचं रिझर्व्हही ७ सेलचं, आखूड आणि याच जातीच्या कापडाचं असतं. काम सारखंच: काहीही झालं तरी लवकर आणि सरळ उघडायचं. बेसची कॅनोपी ही रिझर्व्हची बहीणच म्हणायची. तरी रिझर्व्ह काढून बेसला वापरता येत नाही. ब्रेकच्या खुणा, पायलट शूटची जोडणी, फुगवण्यासाठीची खास सोय (हे सगळं पुढे येतं), यातलं काही रिझर्व्हमध्ये नसतं.

उघडणं

माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. बाकीचं जमवून घेता येतं, उघडणं जमवून घेता येत नाही.

स्कायडायव्हरच्या दोऱ्यांवर एक आयताकृती कापड सरकतं, स्लायडर. चार कोपऱ्यांना चार कड्या, त्यांतून दोऱ्यांचे चार जुडगे जातात. पॅराशूट बाहेर आलं की स्लायडर वर कॅनोपीला चिकटलेला असतो आणि तिला एकदम पसरू देत नाही. कॅनोपी हळूहळू फुगते, स्लायडर हळूहळू खाली येतो. याला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात माणूस दीड-दोनशे मीटर, कधी त्याहूनही जास्त, खाली जातो. विमानातून उडी मारणाऱ्याला हे परवडतं. ताशी २०० च्या वेगात स्लायडर नसता, तर कापड फाटलं असतं किंवा माणूस जखमी झाला असता.

पेरीनसारख्या पुलावर, दोन-तीन सेकंदांच्या पडण्यात, हाच स्लायडर जीवावर उठेल. म्हणून तिथे तो काढून टाकतात किंवा आधीच खाली ओढून बांधून ठेवतात. बेसमध्ये याला 'स्लायडर डाउन' म्हणतात. नॉर्वेतल्या शेराग कड्यासारख्या हजारेक मीटरच्या ठिकाणी जंपर बराच वेळ पडतो, वेग वाढतो, तिथे 'स्लायडर अप', आणि तोही बहुधा जाळीचा, म्हणजे हवा थोडी वाहू देणारा. साधारण तीन सेकंदांपर्यंतचं पडणं असेल तर स्लायडरशिवाय, चारच्या पुढे गेलं तर स्लायडरसह, असा ढोबळ ठोकताळा बेसवाले सांगतात. एकच कॅनोपी दोन्ही प्रकारे बांधता यावी लागते. निवडताना हे पाहायचं असतं.

स्लायडर काढल्याची किंमतही आहे. दोऱ्या आवरायला कुणी नसतं, त्यामुळे मागच्या कडेची ब्रेकची दोरी (ती ओढली की कॅनोपीचा वेग कमी होतो) कॅनोपीवरून पुढे येऊन तिला मधोमध आवळू शकते. याला लाइन ओव्हर म्हणतात. पॅराशूटचं मग बो टायसारखं ध्यान होतं आणि ते एका बाजूला वळत खाली जातं. ते टाळायला मागच्या मधल्या दोऱ्या एका छोट्या रबरानं एकत्र धरतात, त्याला टेलगेट म्हणतात. कॅनोपी ताणली की रबर सुटतं. तरीही दोरी अडकलीच, तर ती हातातल्या टॉगलपासून, म्हणजे ब्रेक ओढायच्या मुठीपासून, पूर्ण मोकळी सोडता येईल अशी खास टॉगलं बेसच्या रिगला, म्हणजे पाठीवरच्या पट्टे-पिशवीच्या संचाला, असतात. स्कायडायव्हिंगच्या मुख्य कॅनोपीला यातलं काही लागत नाही. तिथे लाइन ओव्हर झाली तर ती सोडायची आणि रिझर्व्ह उघडायचं.

मग पायलट शूट. हे एक छोटं गोल कापड, हातानं हवेत फेकायचं. ते हवा धरतं आणि मागचं सगळं ओढून काढतं. स्कायडायव्हिंगमध्ये त्याचा व्यास दोन-सव्वादोन फूट, कारण २०० च्या वेगात तेवढं पुरतं. बेसमध्ये ३२ इंचांपासून ४८ इंचांपर्यंतची पायलट शूटं असतात. उडी जितकी बुटकी, पायलट शूट तितकं मोठं. उलट, लांब पडून मोठ्या वेगात ४८ इंची वापरलं तर ओढ इतकी जोरात बसते की कॅनोपीच वाकडी उघडू शकते. कॅनोपी एकटी निवडता येत नाही. ती पायलट शूट, स्लायडर आणि त्या दिवशीचा कडा यांच्यासकट निवडावी लागते.

२००० च्या आसपास बेसच्या कॅनोप्यांत एक मोठा बदल झाला. खालच्या बाजूला हवा शिरण्यासाठी जादा झडपा आल्या. समोरच्या तोंडांतून हवा शिरायला पंख पुढे जायला हवा. पण बुटक्या उडीत पंख अजून पुढे जातच नसतो, माणूस सरळ खाली पडत असतो. म्हणजे हवा खालून येते. मग खालच्या कापडालाच भोकं ठेवली आणि आत एकेरी झडपा शिवल्या, म्हणजे हवा आत येते पण बाहेर जात नाही. कॅनोपी लवकर ताठ होते, लवकर हाताखाली येते, आणि जोरात ब्रेक लावला तरी पोकळ पडत नाही. पुलावरून किंवा इमारतीवरून उडी मारणाऱ्यानं आज कॅनोपी घेताना झडपांची घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. स्कायडायव्हिंगमध्ये त्यांचा काहीच उपयोग नाही. तिथे हवा भरपूर आहे.

तोंड कुठे वळलं हा उरलेला प्रश्न. कॅनोपी उघडली, पण तोंड कड्याकडे. समजा ती सेकंदाला दहा मीटर पुढे जातेय आणि खडक पंधरा मीटरवर आहे, तर वळवायला दीड सेकंद. म्हणून बेसच्या कॅनोपीवर घडी घालतानाच ब्रेक खोल ओढून बसवलेले असतात, इतके की उघडल्यावर ती पुढे जवळजवळ जातच नाही, जागीच झुलते. बेसच्या चांगल्या कॅनोपीच्या ब्रेकच्या दोऱ्यांवर यासाठी एकाहून जास्त खुणा असतात आणि प्रत्येकानं आपल्या वजनाला योग्य ती खूण कोणती हे आधी सुरक्षित ठिकाणी, विमानाखाली, शोधून ठेवायचं असतं. खूण जास्त खोल निघाली तर कॅनोपी उघडताच मागे घसरते. उथळ निघाली तर ती खडकाकडे धावते.

किती मोठी?

पॅराशूटचं माप चौरस फुटांत सांगतात आणि वजन पौंडांत. वजनाला क्षेत्रफळानं भागलं की मिळतं ते विंग लोडिंग: पंखाच्या एका चौरस फुटावर किती पौंड लोंबकळतात. आकडा मोठा, तर पंख वेगवान आणि चुकीला माफ न करणारा.

समजा माणूस ७५ किलोचा आहे. स्कायडायव्हिंगचं सामान, हेल्मेट, कपडे धरून ८७ किलो, म्हणजे १९२ पौंड. नुकताच परवाना मिळालेल्यानं एका चौरस फुटाला १ पौंडाच्या वर जाऊ नये, हा सर्वसाधारण सल्ला आहे. म्हणजे सुमारे १९० चौरस फुटांची कॅनोपी. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. त्याहून थोडं मोठं कापड. अनुभव वाढेल तशी माणसं लहान कॅनोपी घेतात. स्पर्धेतले निष्णात लोक २ पौंडांच्याही पुढे जातात आणि ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगानं जमिनीलगत सरकतात.

तोच माणूस बेसला गेला, तर सामान थोडं हलकं, एकूण ८५ किलो, १८७ पौंड. इथे विंग लोडिंग ०.७ पौंडाच्या आसपास ठेवतात. म्हणजे सुमारे २६५ चौरस फूट. माणूस तोच, पण कापड जवळजवळ दीडपट. अनुभवी स्कायडायव्हरला ही कॅनोपी बैलगाडीसारखी वाटते आणि तो म्हणतो, मला एवढी मोठी कशाला? त्याला खरंच सवय नसते. पण बेसमध्ये उतरायला हिरवंगार सपाट मैदान नसतं. नदीकाठचे दगड, झाडांमधली फट, उतारावरची चार पावलं जागा. तिथे कॅनोपी खोल ब्रेकमध्ये, हळू, उभी खाली आणता यायला हवी आणि तरी ती अचानक कोसळता कामा नये. आखूड, मोठ्या, ७ सेलच्या कॅनोपीला हे जमतं. डोंगरावर हवा विरळ असते आणि तिथे प्रत्येक कॅनोपी थोडी जास्त वेगानं उतरते, म्हणून उंचावरच्या ठिकाणांसाठी माप ठरवताना थोडं मोठ्याकडेच झुकावं.

स्कायडायव्हिंगमध्येही घाईनं लहान कॅनोपीकडे जाण्याची हौस मला चिंतेची वाटते. अलीकडच्या काळात तिथले कितीतरी मृत्यू पॅराशूट न उघडल्यामुळे झालेले नाहीत. पूर्ण उघडलेल्या, निरोगी कॅनोपीखाली, जमिनीजवळ जोरात वळण घेताना माणसं गेली आहेत. पॅराशूट लहान होतं, हात अजून त्याला सरावलेले नव्हते. एक माप खाली जाण्याआधी सध्याच्या मापावर आडव्या वाऱ्यात, खोल ब्रेकमध्ये, ठरवलेल्या जागी पुन्हा पुन्हा उतरता येतंय का, हे प्रशिक्षकासमोर दाखवून मगच पुढे जावं.

मग एकाचं दुसऱ्याला चालतं का? स्कायडायव्हिंगची निमुळती, ९ सेलची, झेडपी कॅनोपी पुलावर कधीही नाही. उलट दिशेनं मात्र चालतं, आणि चालवावंही. बेस शिकू पाहणारा आपली नवी बेस कॅनोपी स्कायडायव्हिंगच्या रिगमध्ये, स्लायडर लावून, पाठीवर रिझर्व्ह ठेवून विमानातून उडवू शकतो. हजार मीटरवर ब्रेक ओढत ओढत ती कधी कोसळते, कुठल्या खुणेवर जागीच झुलते, मागच्या रायझरनं (दोऱ्यांना खांद्याशी जोडणाऱ्या पट्ट्यानं) किती झटकन वळते, हे तिथे शांतपणे समजतं. बेसच्या पहिल्या अभ्यासक्रमाला येण्याआधी सहसा किमान २०० स्कायडाइव्ह मागतात. नुसत्या पडण्याच्या अनुभवासाठी नाही, तर कॅनोपी हाताळण्याच्या या सवयीसाठी. २०० उड्या लहान, वेगवान पंखाखाली केल्या असतील, तर त्यातल्या थोड्याच इथे उपयोगी पडतात.

जुनी कॅनोपी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एफ-१११ कापड वापरानं, उन्हानं, घड्यांनी हळूहळू जास्त पाझरू लागतं. बाहेरून ते नव्यासारखं दिसतं, पण उतरताना जोर कमी पडतो आणि माणूस दाणकन बसतो. दोऱ्याही वापरानं आखडतात किंवा ताणतात आणि कधी कधी दोन बाजूंना सारख्या प्रमाणात नाही. मग कॅनोपी आपणहून एकीकडे वळत राहते. स्कायडायव्हिंगमध्ये हे त्रासदायक आहे. कड्यापासून पंधरा मीटरवर ते नुसतं त्रासदायक राहत नाही, जीवावर बेतू शकतं. जाणकार रिगरनं, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या-बांधणाऱ्या कारागिरानं, कापड आणि दोऱ्या मोजून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी घडी. ड्रॉपझोनवर, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या तळावर, मुख्य कॅनोपीची घडी दहा मिनिटांत होते, पुष्कळदा पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतली जाते. दोऱ्या आणि कापड एका पिशवीत जातं. घडी थोडी उन्नीसबीस झाली तरी ती बहुधा उघडतेच, आणि नाही उघडली तर परवानाधारक रिगरनं बांधलेलं रिझर्व्ह पाठीवर असतंच. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा बांधावं लागतं. बेसमध्ये पिशवी नसते. कॅनोपी थेट पाठीवरच्या ट्रेमध्ये ठेवतात, आणि ज्याला उडी मारायची त्यानं घडी स्वतः घालायची. तासभर लागतो. सातही सेल एकेक करून सरळ करायचे, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी ठेवायची, ब्रेक ठरलेल्या खुणेवर बसवायचे, टेलगेट लावायचं, आणि घड्या सुटू नयेत म्हणून मध्ये मध्ये चिमटे लावत जायचं. ट्रे बंद करण्याआधी ते चिमटे मोजायचे: जितके लावले, तितके बाहेर आले का.